उरलेली मुदत

"ब्याटरी होसदैतेन्री?" मास्तरांनी विचारले. बॅटरी नवी आहे ना?

"हौद्री, होसदैति," मी म्हणालो. होय, नवी आहे.

या उत्तरात एकही शब्द खोटा नव्हता. तरीही त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. खरे बोलूनही मन का टोचावे, याचा शोध घेताना जे विचार सुचत गेले ते येथे मांडीत आहे. निमित्त एका मोटारीचे आणि तिच्या बॅटरीच्या हमीचे आहे. पण दिलेला शब्द नेमका राहतो कोठे, वस्तूत, कागदावर की माणसामाणसांत, हा प्रश्न त्या निमित्ताने माझ्यापुढे उभा राहिला.

प्रथम हकिगत सांगतो. २०२० च्या दिवाळी पाडव्याला मी विजेवर चालणारी मोटार घेतली. बेळगावात तेव्हा अशा मोटारी फारशा नव्हत्या, शेजारीपाजारी कौतुकाने पाहायला येत आणि जाताना "बॅटरी गेली तर काय?" असे हमखास विचारीत. मी हमीची पुस्तिका काढून दाखवी. आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तोपर्यंत बॅटरीची जबाबदारी कंपनीची. त्या एका ओळीच्या भरवशावर मी आयुष्यातला एवढा मोठा खर्च केला होता.

२०२५ च्या फेब्रुवारीत गोव्याहून परतताना चोर्ला घाटात गाडी एकाएकी थांबली. काट्यावर अजून वीस टक्के वीज शिल्लक दिसत होती. टोचन करून गाडी बेळगावात आणली. तपासणीत बॅटरीचा एक भाग दुबळा निघाला, पुढे आणखी दोष सापडले आणि मार्चमध्ये कंपनीने सबंध बॅटरीच बदलून दिली. माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. मी खुशीत येऊन तेथील तरुण व्यवस्थापकाला विचारले, "म्हणजे आता पुन्हा आठ वर्षे ना?"

"नाही काका. २०२८ च्या नोव्हेंबरात मुदत संपते. ती आहे तशीच राहील."

"अहो, पण बॅटरी तर आजची आहे!"

"बॅटरी आजची आहे, काका. वॉरंटी पाडव्याची आहे."

मी घरी येऊन दोन पत्रे लिहिली. उत्तरादाखल पुस्तिकेतल्या एका कलमाचा क्रमांक आला. चष्मा लावून ते कलम वाचले तेव्हा कळले, की ही गोष्ट पहिल्या दिवसापासून छापलेली होती. हमीखाली बदलून दिलेल्या भागाला मूळ हमीची उरलेली मुदत तेवढी लागू राहील. पाच वर्षे ती पुस्तिका मी लोकांना दाखवीत होतो. हे पान मात्र मी स्वतःच कधी उलटले नव्हते.

*

हा वाद केवळ माझ्या बॅटरीचा नाही. विजेच्या मोटारी जेथे जेथे आल्या तेथे तो आलाच, आणि याचे कारण या बॅटरीच्या स्वभावात आहे.

पेट्रोलच्या गाडीत एखादा भाग बिघडतो तेव्हा बिघडतो. तोवर तो चाललेला असतो. लिथियम-आयन बॅटरीचे तसे नाही. ती पहिल्या दिवसापासून थोडी थोडी म्हातारी होत असते. प्रत्येक वेळी भरताना आणि रिकामी होताना तिच्या आतल्या रसायनांतला थोडासा लिथियम कायमचा अडकून पडतो. उष्णतेने ही झीज वाढते आणि गाडी नुसती उभी असली तरी ती थांबत नाही. म्हणून अशा बॅटरीच्या हमीत दोन निराळ्या गोष्टी असतात. एक, बॅटरीत निर्मितीचा दोष निघाला तर तो दूर करू. दुसरी, तिची साठवणक्षमता ठरावीक मर्यादेच्या, बहुधा मूळच्या सत्तर टक्क्यांच्या, खाली गेली तर उपाय करू. पहिली हमी रोगाविरुद्धची, तर दुसरी अकाली वार्धक्याविरुद्धची म्हणता येईल.

निस्सानची लीफ ही मोटार २०१० च्या डिसेंबरात बाजारात आली. तिच्या बॅटरीला दोषाविरुद्ध आठ वर्षांची वा एक लाख मैलांची हमी होती, पण हळूहळू घटणाऱ्या क्षमतेबद्दल हमी नव्हती. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या कडक उन्हात काही गाड्यांची क्षमता दीड-दोन वर्षांतच घटू लागली आणि २०१२ च्या उन्हाळ्यात मालकांची ओरड सुरू झाली. त्या वर्षाच्या डिसेंबरात कंपनीने नवी हमी जाहीर केली. या गाडीच्या काट्यावर क्षमतेच्या बारा पट्ट्या दिसतात. पाच वर्षांत किंवा साठ हजार मैलांत त्या नऊच्या खाली गेल्या, तर बॅटरी दुरुस्त करून वा बदलून किमान नऊ पट्ट्यांपर्यंत आणून देऊ, असे तिने सांगितले. येथे थोडे थांबून पाहावे. वचन नऊ पट्ट्यांचे होते, बाराचे नव्हते. नवेपण परत देण्याची भाषा त्यात कोठेच नव्हती. पुरेसे तेवढे परत देण्याची होती.

पुढे २०१४ मध्ये त्याच कंपनीने अमेरिकेत बदली बॅटरी विकायला काढली. जुनी बॅटरी परत द्यायची आणि वर ५,४९९ डॉलर मोजायचे. बसवण्याचा खर्च निराळा. या विकत घेतलेल्या बॅटरीला मात्र नव्या गाडीच्या बॅटरीइतकीच पूर्ण हमी होती.

दुसरे उदाहरण जनरल मोटर्सच्या शेव्हरोले बोल्टचे. या मोटारींना आगी लागू लागल्या, तेव्हा तपासात आढळले की काही बॅटऱ्यांच्या एकाच घटात दोन दोष एकत्र येत होते: ऋणाग्राची पट्टी फाटलेली आणि आतला पडदा दुमडलेला. २०२१ मध्ये कंपनीने २०१७ ते २०२२ सालच्या सुमारे एक लाख बेचाळीस हजार मोटारी या दोषासाठी परत बोलावल्या. त्यांतल्या ज्यांना बदली बॅटरी मिळाली, त्या बॅटरीला तिने नव्याने आठ वर्षांची किंवा एक लाख मैलांची हमी दिली. ज्या कंपनीने घट पुरवले होते तिने एक अब्ज नव्वद कोटी डॉलरपर्यंतची भरपाई देण्याचे कबूल केले. २०२३ मध्ये नंतरच्या काही गाड्यांबाबत धोरण बदलले. आधी तपासणीची आज्ञावली बसवायची आणि दोष आढळला तरच बॅटरी बदलायची असे ठरले.

ही उदाहरणे माझ्या अनुभवाशेजारी ठेवली की एक क्रम दिसू लागतो. ग्राहकाने पैसे मोजले, तर बदललेल्या बॅटरीला नवी मुदत मिळते. कंपनीने जगासमोर चूक मान्य केली, तरी नवी मुदत मिळते. पण कंपनीने नुसता दिलेला शब्द पाळला, तर मुदत जुनीच राहते. पहिल्या वाचनाला हे विचित्र वाटते. शब्द पाळणाऱ्याकडून कमी मिळावे आणि चुकलेल्याकडून जास्त, हा कोणता न्याय?

*

रागाचा भर ओसरल्यावर मी कंपनीची बाजू मांडून पाहिली. प्रतिपक्षाची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता आल्याखेरीज आपली बाजू खरी मानू नये, असे आमचे शाळेतले गुरुजी सांगत.

कंपनीने मला बॅटरी विकली तेव्हा काय कबूल केले होते? पाडव्यापासून आठ वर्षे तुमची गाडी बॅटरीपायी अडणार नाही, एवढेच. त्या आठ वर्षांत तिला एकदा बॅटरी बदलावी लागो की तीनदा, माझे घेणे आठ वर्षांचेच. उसने घेतलेले पैसे परत करणारा मनुष्य त्याच दिवशी नवे कर्ज काढीत नसतो. देणे फिटले म्हणजे फिटले.

शिवाय समजा, माझ्याबरोबर त्याच दिवशी माझ्या मित्राने तशीच गाडी घेतली आणि त्याची बॅटरी उत्तम निघाली. त्याची हमी २०२८ मध्ये संपणार. माझी बॅटरी खराब निघाली म्हणून माझी हमी २०३३ पर्यंत जावी काय? मग खराब माल हाती लागणे हे भाग्य ठरेल! मला झालेल्या त्रासाची भरपाई मागणे निराळे आणि त्या त्रासाचे बक्षीस मागणे निराळे.

आमच्या रविवार पेठेत नारळ घेतला आणि घरी जाऊन फोडला तर नासका निघाला, असे कधी होते. ओळखीचा दुकानदार मुकाट्याने दुसरा देतो. दुसराही नासका निघाला तर तिसरा देतो. "एकदा बदलून दिला, आता माझा संबंध संपला" असे म्हणत नाही. पण बदललेल्या नारळाबरोबर तो वर एक जादा नारळही देत नाही. एक चांगला नारळ ही त्याची जबाबदारी, आणि तो हाती पडेपर्यंत ती संपत नाही.

येथवर कंपनीचे म्हणणे मला पटले. पण याच नारळाने पुढची अडचणही दाखवली. नारळवाल्याचे वचन चांगला नारळ पोचेपर्यंतचे असते, दिवसांनी मोजलेले नसते. कंपनीचे दिवसांनी मोजलेले आहे. आता कल्पना करा, की एखाद्याची बॅटरी मुदत संपायला पंधरा दिवस असताना बदलली गेली. कंपन्यांच्या कलमांत बहुधा अशीही मुभा असते की बदली बॅटरी कोरी असलीच पाहिजे असे नाही. दुरुस्त करून पुन्हा उभी केलेलीही चालेल, आणि तिची क्षमता गाडीचे वय व धाव ध्यानात घेऊन ठरवली जाईल. अशी बॅटरी विसाव्या दिवशी बंद पडली तर? कागद म्हणतो, मुदत संपली. पण वचन पुरे झाले असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? नासका नारळ बदलून नासकाच दिला आणि तेवढ्यात दुकान बंद करून घेतले, असा हा प्रकार झाला.

*

या ठिकाणी मला मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथाची आठवण झाली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, आणि भिक्षू नागसेन यांचा त्यात संवाद आहे. राजा रथातून आलेला असतो. नागसेन त्याला विचारतो की रथ म्हणजे नेमके काय. आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, दांडा म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागते. अखेर निष्पन्न होते ते असे, की या सगळ्यांच्या जुळणीला आपण व्यवहारात रथ म्हणतो; त्याहून वेगळा असा रथ शोधून सापडत नाही.

हा दाखला माझ्या वादाला लावून पाहिला तेव्हा ध्यानात आले की कंपनी आणि मी, दोघेही रथाच्या नावावरून भांडत होतो. कंपनी म्हणते, गाडी तीच आहे, म्हणून मुदत तीच. मी म्हणतो, बॅटरी दुसरी आहे, म्हणून मुदत दुसरी. पण गाडी तीच की निराळी, यावर जबाबदारी ठरत असेल तर सोईप्रमाणे कधी एक बोलता येईल, कधी दुसरे.

त्याच ग्रंथात चोरलेल्या आंब्यांचा एक दृष्टान्त आहे, आणि मला तो रथापेक्षाही उपयोगी वाटतो. एक मनुष्य दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरतो. पकडला जातो तेव्हा म्हणतो, की याने जमिनीत लावलेला आंबा निराळा आणि मी तोडलेले आंबे निराळे. मग मी याचे काय चोरले? राजाच सांगतो की तरीही तो शिक्षेस पात्र आहे, कारण हे आंबे त्या आंब्यापासूनच झाले. वस्तू बदलली म्हणून देणेघेणे तुटत नाही. एकातून दुसरे आले हा धागा असेल, तर जबाबदारी त्या धाग्यावरून पुढे चालत येते.

हमीचेही असेच आहे. ती बॅटरीला चिकटलेली नसते. बॅटरीला काय, तिला ना आनंद ना दुःख. मी पुस्तिका वाचून विश्वास ठेवला, त्या विश्वासावर पैसे दिले, त्या विश्वासावर घाट चढलो. हमी आहे ती या विश्वासाची. म्हणून वस्तू नवी आली तरी माझे घेणे आपोआप वाढत नाही, हे कंपनीचे म्हणणे खरे. आणि वस्तू जुनी असो वा नवी, तो विश्वास सार्थ होईपर्यंत कंपनीचे देणे संपत नाही, हे माझेही खरे.

आणखी एक गोष्ट आहे. बॅटरी बदलणे हे स्वतः एक कर्म आहे. कोणी तरी ती निवडली, तपासली, बसवली आणि "ठीक आहे" म्हणून सही केली. ही सही पाडव्याची नव्हती, मार्चची होती. आमच्याकडे मोटर रिवाइंड करून देणारा कारागीरही आपल्या कामाची काही महिन्यांची हमी देतो; पंप किती जुना आहे हे तो पाहत नाही. मूळ वचनाची मुदत वाढवू नका, पण दुरुस्तीच्या कामाची स्वतःची किमान मुदत असावी, असे मला वाटते. युरोपीय संघाने २०२४ च्या दुरुस्तीविषयक निर्देशात याच दिशेचे पाऊल टाकले. कायद्याच्या हमीच्या काळात ग्राहकाने बदली वस्तू न मागता दुरुस्ती पत्करली, तर विक्रेत्याच्या जबाबदारीची मुदत एक वर्षाने वाढवावी, असे त्यात आहे, आणि सभासद देशांनी ही तरतूद ३१ जुलै २०२६ पासून लागू करावयाची आहे. दुरुस्तीची भीती वाटू नये, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडे १९३० चा वस्तुविक्री कायदा आहे. त्याच्या बाराव्या कलमात विक्रीच्या करारातल्या अटींचे दोन प्रकार केले आहेत. कराराच्या मुख्य हेतूलाच आवश्यक ती शर्त. ती मोडली तर माल नाकारता येतो. मुख्य हेतूच्या जोडीची दुय्यम अट ती वॉरंटी. ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. कंपनीची छापील हमी ही त्याहून निराळी चीज, पण नाव तेच आहे आणि मला ते नाव बोलके वाटते. बॅटरी हा विजेच्या मोटारीचा सर्वांत महागडा भाग. तिच्यावाचून गाडी म्हणजे चार चाकांवरचे दिवाणखान्यातले फर्निचर. आणि या मुख्य गोष्टीचा भरवसा ज्या शब्दाने द्यायचा, त्याचा कायद्यातला अर्थ मात्र दुय्यम अट असा आहे!

*

इतके सगळे न्यायनिवाडे मी कंपनीपुरते केले होते. मग मास्तर आले.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागल्याने मी २०२५ च्या श्रावणात गाडी विकायची ठरवली. मास्तर बैलहोंगलकडचे, कन्नड शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना मराठी समजते, मला कन्नड बोलता येते. या भागात जसे चालते तसे आमचे बोलणे दोन्ही भाषांतून चालले होते. चवथीला गाडी दारात उभी असावी, अशी त्यांच्या घरच्यांची इच्छा. त्यांनी दारे उघडझाप करून पाहिली, एक फेरी मारली आणि तो प्रश्न विचारला. मी "होसदैति" म्हणालो. त्यांचा चेहरा उजळला. रविवारी विसार घेऊन येतो म्हणाले आणि गेले.

मला त्यांचा चेहरा का उजळला ते ठाऊक होते. मार्चमध्ये त्या व्यवस्थापकासमोर माझाही असाच उजळला होता. नवी बॅटरी म्हणजे नवी आठ वर्षे, हे गणित मीही केले होते आणि तेही करीत होते. फरक इतकाच, की मला ते चूक असल्याचे सांगणारा कोणी समोर होता. कंपनीने निदान ते कलम छापले तरी होते. मी तर तेही केले नव्हते.

रात्री पत्नीजवळ विषय काढला. मी म्हणालो, "त्यांनी विचारले तेवढ्याचे खरे उत्तर मी दिले."

ती म्हणाली, "अहो, त्यांनी बॅटरीचं वय कुठं विचारलं? निर्धास्त राहू का, असं विचारलं त्यांनी."

यावर मला काही बोलता आले नाही. प्रश्नातल्या शब्दांना उत्तर देऊन प्रश्न विचारणाऱ्याला टाळता येते, ही कला आपण कंपन्यांकडून शिकलो असे समजण्याचे कारण नाही. ती घरोघरी आहे. स्थळ दाखवताना, जमीन विकताना, म्हैस विकताना आपण तीच वापरतो. म्हशीने आज दूध किती दिले ते सांगतो. किती महिन्यांत आटेल ते सांगत नाही. कंपनीच्या बारीक अक्षरांवर रागावणारा मी, माझी अक्षरे त्याहून बारीक होती.

रविवारी मास्तर आले तेव्हा चहा होण्यापूर्वीच मी पुस्तिका पुढे ठेवली. इंग्रजी कलम कन्नडमध्ये सांगायला बसलो, तर हमीला बोलण्यातला शब्द सापडेना. आमच्याप्रमाणे तेही वॉरंटीच म्हणतात. शेवटी मी "भरवसे" म्हणालो. कन्नडमधला हा भरवसे आणि आपला भरवसा एकमेकांना ओळखतात. मास्तरांना अर्थ तत्काळ कळला. त्यांनी एकच विचारले.

"उळिदद्दु एष्टु?" उरले किती?

तीन वर्षे अडीच महिने, आणि गाडी अडुसष्ट हजार चालली असल्याने किलोमीटर भरपूर उरलेत, असे मी सांगितले. हमी गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते, हेही दाखवले. सगळीकडे असे असतेच असे नाही. भारतात २०२५ पर्यंत काही मोटार कंपन्यांनी बॅटरीला आयुष्यभराची हमी देऊ केली, पण ती पहिल्या मालकापुरती. दुसऱ्या मालकाला वर्षे मोजून मिळतात. त्यांतल्या एकीने तर 'आयुष्य' म्हणजे नोंदणीपासून पंधरा वर्षे असेही स्पष्ट केले. वस्तू विकली की आयुष्य संपते, अशी ही व्याख्या आहे. कंपनीच्या हिशेबात ती बसत असेल. पण विश्वास एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत नाही असे एकदा मानले, तर जुनी वस्तू कोणी कोणाकडून घ्यायचीच नाही.

मास्तर बराच वेळ पुस्तिका चाळीत बसले. मग त्यांनी ठरलेल्या किमतीतून पस्तीस हजार कमी सांगितले. मी मान्य केले. खरे बोलल्याचे समाधान वगैरे मला त्या क्षणी झाले नाही. पस्तीस हजार गेल्याचे दुःखच झाले. समाधान झाल्याचे लिहिले तर ते दुसरे "होसदैति" ठरेल.

व्यवहार ठरल्यावर मास्तर जरा संकोचाने म्हणाले, "कागद माझ्या नावावर होतील हो. पण उद्या बॅटरी गेली, तर त्या लोकांशी इंग्रजीत कोण बोलणार? तुम्ही याल?"

मी येईन म्हणालो.

हे कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नाही. याला मुदत नाही, किलोमीटर नाहीत, पहिला मालक-दुसरा मालक असा भेद नाही. आपल्या भाषेत याला हामी भरणे म्हणतात. दुसऱ्याच्या देण्यासाठी स्वतःला उभे करणे, असा त्याचा अर्थ आहे. पत्रे लिहून मी कंपनीकडे जी गोष्ट मागत होतो ती बहुधा हीच असावी. मला आठ वर्षांपेक्षा, गाडी थांबली तर कोणी येईल, एवढेच हवे होते. कंपनी तसे म्हणू शकत नाही, म्हणून ती वर्षे मोजून देते. मोजून दिलेले तिने पुरते द्यावे, शेवटच्या पंधरवड्यातही तितक्याच प्रामाणिकपणे द्यावे, आणि काय मोजले आहे ते दिसेल अशा अक्षरांत सांगावे. यापलीकडे तिच्याकडे मागण्याचा मला हक्क नाही. उरलेले आपण एकमेकांना द्यायचे असते.

नागसेनाने राजाला दिव्याचाही एक दृष्टान्त दिला आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच काय? तीच म्हणता येत नाही, निराळीही म्हणता येत नाही. पण दिवा रात्रभर जळत राहिला हे खरे. दिवाळीत पणत्यांत मधूनमधून तेल घालावे लागते. आमच्या घरी हे काम माझ्याकडे आहे. कोणत्या पणतीत कितव्यांदा तेल घातले, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. उजाडेपर्यंत ती विझू द्यायची नाही, एवढेच ठरलेले असते.